‘शून्य’ दिसणारी जोखीम: आंबा निर्यात, फळमाशी आणि संगणकीय गणित

मालात फळमाशी आढळत असल्याने मे २०१४ मध्ये युरोपीय महासंघाने भारतीय आंब्याच्या आयातीवर बंदी घातली. उष्णजल प्रक्रिया व तपासणीची व्यवस्था उभी राहिल्यावर २०१५ च्या प्रारंभी ती उठली. हजारो निर्दोष फळांमधील एखादी जिवंत अळी बाजारपेठ बंद करू शकते. म्हणूनच निर्यातीत अत्यल्प संभाव्यतेचे गणित महत्त्वाचे ठरते.

‘प्रोबिट ९’ निकष

अमेरिकेच्या कृषी विभागातील ए. सी. बेकर यांनी १९३९ मध्ये फळमाशीसाठी हा निकष सुचवला. त्यानुसार प्रक्रियेनंतर दहा लाख किडींपैकी सुमारे ३२ च जिवंत राहणे अपेक्षित असते, म्हणजेच मरतुक ९९.९९६८ टक्के. ९५ टक्के विश्वासपातळीवर ती सिद्ध करण्यासाठी सुमारे ९३,६०० किडींवर प्रक्रिया करून एकही जिवंत न राहणे आवश्यक असते. शंभर अळ्या मेल्या, एवढ्यावरून हा दावा करता येत नाही.

संगणक कोठे चुकतो?

पहिली चूक गुणाकारातील. मात्रा व मरतुक यांचा आलेख बसवताना प्रत्येक किडीच्या निष्पत्तीची संभाव्यता एकमेकींशी गुणली जाते. ४०० किडींची संभाव्यता प्रत्येकी ०.१ धरल्यास गुणाकारात दशांशचिन्हानंतर ३९९ शून्ये येतात. नेहमीच्या संगणकीय अंकपद्धतीत इतकी लहान संख्या मावत नाही आणि उत्तर थेट शून्य येते. मग चांगला व वाईट आलेख दोन्ही सारखेच ‘शून्य’ ठरतात. यावर उपाय म्हणजे गुणाकाराऐवजी लॉगॅरिदमची बेरीज करणे. ०.१ चा दहा पायाचा लॉगॅरिदम उणे १ असल्याने ४०० किडींची बेरीज उणे ४०० येते. ही संख्या संगणक सहज हाताळतो.

दुसरी चूक वजाबाकीतील. संगणक सुमारे १६ सार्थ अंक जपतो. त्यामुळे १ मधून अतिसूक्ष्म संभाव्यता वजा केल्यास उत्तर पुन्हा १ च येते आणि जिवंत राहणाऱ्या किडी हिशेबातून नाहीशा होतात. म्हणून मरतुकीऐवजी जिवंत राहण्याची संभाव्यताच थेट नोंदवावी.

बागेतील अर्थ

एका खेपेत १,००० अळ्या आहेत असे गृहीत धरू. ‘प्रोबिट ९’ प्रक्रियेनंतर किमान एक अळी जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ३ टक्के असते. अशा १०० खेपा गेल्यास त्यांपैकी किमान एका खेपेत जिवंत अळी असण्याची शक्यता सुमारे ९६ टक्क्यांवर जाते. प्रत्येक खेपेतील अळ्या १०० पर्यंत खाली आणल्यास हीच शक्यता सुमारे २७ टक्के होते. प्रक्रिया तीच असते. फरक पडतो तो बागेतील कामामुळे.

विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील बाबींचा आग्रह धरावा:

- मिथाइल युजेनॉलचे सापळे हंगामाआधी लावून पकडलेल्या माश्यांची नियमित नोंद ठेवावी.
- गळलेली व किडकी फळे रोज वेचून खोल पुरावीत.
- फळे योग्य पक्वतेला काढावीत. झाडावर पिकू देऊ नयेत.
- अहवालात ‘शून्य’ लिहिताना किती फळे तपासली, तेही लिहावे. ३०० फळांत एकही किडके न आढळल्यास ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते, की प्रादुर्भाव १ टक्क्याहून अधिक नसावा.