बाणाचं टोक नेमकं कुठे?

बाणाचं टोक तीनास एक काढायचं, हे फर्स्ट इयरच्या ड्रॉइंगपासून आपल्या हातात बसलेलं असतं. तेच टोक कॉम्प्युटरवर स्वतः बनवताना आमची जी फजिती झाली ती सांगतो.

जुलै 2021 च्या पुरात महाड बुडालं. त्यानंतर आम्ही काही जणांनी इंकस्केपमध्ये नकाशा करायला घेतला. पोलादपूरकडून येणारी सावित्री, महाडजवळ तिला मिळणारी गांधारी आणि वस्त्यांमधून उंचावर जायच्या वाटा. स्केल 1:25,000, म्हणजे 4 सेंटिमीटरला 1 किलोमीटर. प्रत्येक वाटेच्या शेवटी बाण.

तयार बाण पसंत पडेनात, म्हणून स्वतःचा काढला. आकार उजवीकडे तोंड करून काढायचा आणि 'ऑब्जेक्ट्स टू मार्कर' द्यायचं; पुढे रेषा वळेल तसं सॉफ्टवेअर त्याला फिरवतं. आमचं टोक लांबीला 12, रुंदीला 4. पण ही मापं रेषेच्या जाडीच्या पटीत धरली जातात! 1 मिलिमीटर रेषेला 12 मिलिमीटरचं टोक आलं. नीट दिसावी म्हणून रेषा दुप्पट जाड केली, तर टोक 24 मिलिमीटर. नकाशावर 600 मीटर! निमूटपणे परत 1 मिलिमीटरवर आलो.

खरी गोम संदर्भबिंदूत आहे. टोकाचा जो बिंदू रेषेच्या शेवटावर बसतो तो संदर्भबिंदू. तो अगदी अणीवर ठेवला, तर रेषेचा बोथट शेवट अणीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतो, कारण शेवटच्या 3 एककांत आपलं टोक रेषेपेक्षा अरुंद असतं. म्हणून एक्सएमएल एडिटरमध्ये बिंदू 3 एककं मागे घेतला. बाण झकास दिसू लागला. फक्त अणी आता रेषेच्या 3 मिलिमीटर पुढे गेली होती, म्हणजे जमिनीवर 75 मीटर.

हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. वाटण्याआधी एक प्रिंट शेजारच्या मावशींना दाखवली. त्या म्हणाल्या, "म्हणजे पुरात नदी ओलांडून जायचं का रे?" बघतो तर बाणाची अणी सावित्रीच्या पलीकडच्या काठावर!

उपाय सोपा आहे. रेषेचा शेवटचा नोड जाडीच्या तिप्पट मागे ओढायचा. मात्र टोक शेवटच्या तुकड्याची दिशा घेतं, त्यामुळे वळणाच्या वाटेवर तेवढा तुकडा सरळ ठेवा. आमचा पोलादपूरकडचा एक बाण त्यापायी भलतीकडेच बघत होता.

नदीच्या प्रवाहाला आम्ही भरीव टोकाऐवजी उघडं, दोन काड्यांचं टोक दिलं. निळ्या-लाल रंगावर भिस्त ठेवून चालणार नव्हतं, कारण गावात पुढच्या प्रती निघणार त्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरच.