हाफ तिकिटाचं वय

‘बघता बघता मोठी झाली, कळलंच नाही’ असं मुलीचा प्रत्येक बाप म्हणतो. मीही म्हणतो. पण ते खरं नाही. कळत असतं. पोस्टात, एसटीत, बुटांच्या दुकानात, डॉक्टरांच्या वजनकाट्यावर कुणी ना कुणी तिचं वय विचारतंच आणि आपण ते बिनचूक सांगतोही. फक्त सांगून झालं की विसरतो. आमची लेक २०१४ ची, जन्म पनवेलचा, येत्या पावसाळ्यात तिला १२ पूर्ण होतील. एवढ्या वर्षांत तिच्या मागे धावताना जे ध्यानात आलं, ते इथे लिहून ठेवतो.

१. मूल सर्वांत वेगानं वाढतं तेव्हा आपलं तिकडे लक्षच नसतं.

जन्माचं वजन पाचेक महिन्यांत दुप्पट होतं, वर्षाच्या आसपास तिप्पट. उंची वर्षभरात दीडपट. हा वेग माणसाच्या आयुष्यात पुन्हा कधी येत नाही. आणि त्या वर्षात आम्ही काय करत होतो? लंगोट वाळवत होतो आणि ही झोपते कधी याची वाट बघत होतो. पुढे शाळेच्या वयात वाढ संथ होते, वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर. त्या संथपणाची इतकी सवय लागते की आता ही अशीच राहणार असं वाटायला लागतं. मग दहा-अकराच्या सुमारास मुली पुन्हा झपाट्यानं उंच होतात, मुलग्यांच्या साधारण दोन वर्षं आधी. कुठल्याही शाळेतला सहावीचा वर्गफोटो काढून बघा, मागच्या रांगेत मुलीच जास्त दिसतील. ‘अचानक वाढली’ असं आज्या म्हणतात, ते उगीच नाही.

२. आधी बूट बोलतात.

या वयात पावलं आणि हात आधी वाढतात, बाकीचं शरीर मागून येतं. त्यामुळे जूनमध्ये घेतलेले शाळेचे बूट दिवाळीनंतर चावू लागले तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. ‘वाढत्या अंगाचं द्या’ ही आपली पिढीजात मागणी फ्रॉकला चालते, बुटाला चालत नाही. ढगळ बुटात पाय सरकतो आणि मूल पडतं. गणवेशाच्या स्कर्टला मात्र खाली चांगली रुंद दुमड ठेवून घ्यावी. ती उसवून एक वर्ष निघतं. आमच्याकडे हे काम आजीचं, आणि दरवेळी उसवताना ती सुनेला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणते, ‘हिला खायला घाला गं, नुसती लांब होतेय.’

३. पाच वर्षांपर्यंत सरकारच्या लेखी मुलाला बोटं नसतात.

लहान मुलांचं निळं बाल आधार असतं. त्यावर ठसे नाहीत, डोळ्यांची नोंद नाही, सगळी मदार आईबापांच्या आधारावर. पाच पूर्ण झाले की केंद्रावर नेऊन दहा बोटं आणि डोळे द्यावे लागतात, पंधरा पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा. लेक स्टुलावर चढून एकेक बोट काचेवर दाबत होती आणि समोरचा मुलगा ‘जोरात, अजून जोरात’ म्हणत होता. मला मात्र बारशालाही जेवढं काही वाटलं नव्हतं, तेवढं तिथे वाटलं. आता ही स्वतःच्या ठशावर उभी.

४. एसटीत वय विचारलं तर उत्तर मुलीला देऊ द्या.

पाच ते बारा हाफ तिकीट, हा आपल्या सगळ्यांच्या लहानपणापासूनचा नियम. त्या नियमाच्या जिवावर महाराष्ट्रात कित्येक मुलं वर्षानुवर्षं अकराचीच राहिली. पनवेलच्या स्टँडवरून अलिबागची गाडी पकडली की आमच्या घरात हा विषय निघतोच, कारण लेकीला बारा व्हायची भारी घाई. पण १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्याच महिलांना निम्मं भाडं झालं. परवा कंडक्टरनं विचारलं, ‘साहेब, मुलीचं वय?’ मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, ‘अकरा पूर्ण, बारावं चालू.’ तो हसला. म्हणाला, ‘बारा झाले तरी हाफच राहणार आहेस तू.’ आजी हाफ, आई हाफ, लेक हाफ, बाप तेवढा फुल. लेकीचा चेहरा पडला. मोठं होण्याचा मान एसटीनं तिच्याकडून काढूनच घेतला.

तो मान तिला रेल्वेत मिळेल. लोकलमध्ये बारा पूर्ण झाले की सरळ पूर्ण तिकीट, मुलगा असो की मुलगी. एकाच गावातून निघणाऱ्या दोन वाहनांत ती एकाच वेळी लहान आणि मोठी असणार आहे. माझ्या मते दोन्हीही बरोबर आहेत.

५. पहिल्या तीन-चार वर्षांच्या आठवणी फक्त आपल्याजवळ असतात.

साधारण तीन-साडेतीनच्या आधीचं माणसाला मोठेपणी आठवत नाही. वडाळे तलावाकाठी हिला खांद्यावर घेऊन घातलेल्या फेऱ्या, बल्लाळेश्वराच्या देवळात घंटेसाठी घातलेला धिंगाणा, हे सगळं आमचं. तिच्या लेखी घडलेलंच नाही. यावर रुसण्यात अर्थ नाही. सांगत राहावं, तिला ऐकायला आवडतं. स्वतःविषयीच्या गोष्टी कुणाला आवडत नाहीत?

गावाचंही तेच. १८५२ साली स्थापन झालेली आमची नगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला महानगरपालिका झाली, तेव्हा ही दोन वर्षांची. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन झालं तेव्हा बालवाडीत. मधल्या काळात उलवे टेकडी सुरुंगांनी खाली आणली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावं उठली. २५ डिसेंबर २०२५ ला तिथून पहिली विमानं उडाली. मी तिला सांगतो, इथे डोंगर होता. ती माझ्याकडे सहानुभूतीनं बघते. हार्बर लोकल १९९८ मध्ये पनवेलला आली, त्याआधीचं पनवेल मी तिला सांगू लागलो तर मी वासुदेव बळवंत फडक्यांच्या शाळूसोबत्यासारखा दिसत असणार. फडके शिरढोणचे, जन्म १८४५. हे तिला पाठ आहे. माझं जन्मसाल विचारावं लागतं.

६. पाळीचा विषय बापानं उठून जाण्याचा नाही.

आपल्याकडे मुलींना बहुतेक वेळा बारा-तेराच्या सुमारास पाळी येते, काहींना त्याआधीही. शरीरातले बदल त्याच्या दोनेक वर्षं आधी सुरू झालेले असतात. आठ वर्षांच्या आत ते दिसू लागले तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. उंचीचा मोठा टप्पा पाळीच्या आधी येऊन जातो, नंतर वाढ थोडीच उरते. म्हणजे ज्या वर्षी ‘किती उंच झाली!’ असं पाहुणे म्हणतात, त्याच वर्षी घरात हे बोलणं झालेलं असायला हवं. आमच्या घरी आईनं सुरुवात केली, मी तिथेच बसून राहिलो. लेकीनं मला एकच विचारलं, ‘बाबा, दुकानातून पॅड तुम्ही आणाल ना?’ आणीन म्हटलं. तो कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत द्यायचा प्रकार मला कधीच कळलेला नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लसही याच वयाची, नऊ ते चौदा. आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

७. कर्नाळ्याचा किल्ला चढताना ती आता पुढे चालते. सुळका दिसायला लागला की थांबते, मागे वळून विचारते, ‘बाबा, पाणी?’ बाटलीही तिच्याच पाठीवर असते. यावर जास्त काही लिहीत नाही.

८. जी गोष्ट वयाला बांधलेली आहे, ती वेळेत करा.

सुकन्या समृद्धी योजना जानेवारी २०१५ मध्ये आली आणि त्याच वर्षी आम्ही पोस्टात लेकीचं खातं काढलं. पैसे १५ वर्षं भरायचे, मुदत खातं काढल्यापासून २१ वर्षांची, म्हणजे आमची २०३६ पर्यंत. अठरा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, आमच्या बाबतीत २०३२ मध्ये. तेव्हा हे साल विज्ञानकथेतलं वाटलं होतं. आता बोटांवर मोजता येतं. खातं मात्र मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आतच निघतं, नंतर कितीही विनवण्या केल्या तरी नाही. वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी ते चालू राहतं. तुमची लेक नऊची असेल आणि तुम्हाला ती अजून सहाचीच वाटत असेल, तर तिचा जन्मदाखला आणि तुमचं आधार व पॅन घेऊन या आठवड्यातच पोस्टात जाऊन या.