दोघे-तिघे जमतात तिथे

माझं माहेर नगरचं, प्रोटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. ‘प्रभू आपल्यामध्ये आहे’ हे दोन्ही घरांत सारख्याच विश्वासाने म्हटलं जातं. त्याचा अर्थ मला उलगडत गेला, तो असा.

१. माणसं मोजू नयेत. माहेरी भर पावसाळ्यात घरगुती प्रार्थनासभेला पाळक, आई आणि शेजारच्या मावशी एवढेच असायचे, तरी पाळक एकही गाणं गाळत नसत. ज्यू परंपरेत सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पण दोघे बसून शास्त्राचं मनन करतात तिथे देवाचं सान्निध्य असतं, असंही त्याच परंपरेत म्हटलं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशू आपल्या नावाने जमलेल्या दोघा-तिघांविषयी बोलतो आणि त्यांच्यामध्ये मी आहे म्हणतो, म्हणजे देवाच्या सान्निध्याची जागा स्वतःकडे घेतो. नुसत्या गुरूला असं म्हणता आलं नसतं.

२. ते वचन सुटं वाचू नये. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते एकटंच छापलेलं असतं. अध्यायात मात्र त्याच्या आधी भांडण आहे: भावाने अपराध केला तर एकट्याने त्याच्याकडे जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने, मग मंडळीला सांग. आणि वचन संपताच पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करायची? आमच्या मंडळीत दोन भाऊ बांधावरून बोलेनासे झाले होते. रविवारी एक डावीकडे बसायचा, दुसरा उजवीकडे. मंडळीतले दोन वडीलधारे पावसाळाभर दोन्ही घरी जाऊन चहा पीत राहिले. शेवटी गोठ्यासमोर चौघांनी उभ्यानेच प्रार्थना केली. धाकट्याला तर दोन शब्दांपुढे बोलता येईना. बांध पुन्हा मोजला गेला, तो नंतर. त्या गोठ्यासमोर ख्रिस्त होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

३. प्रभुभोजनाच्या मेजावरचा वाद खरा आहे, तो गोड बोलून झाकू नये. १५२९ साली मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली या प्रोटेस्टंट सुधारकांचं पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं. भाकरीत ख्रिस्त कसा असतो, यावर अडले. १५५१ मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेने सांगितलं की भाकर आणि द्राक्षारस यांचं सत्त्वच बदलतं. माहेरी प्रभुभोजनाला पावाचे चौकोनी तुकडे आणि बोटभर पेल्यांत द्राक्षांचा रस; भर होता तो ख्रिस्ताच्या मरणाची आठवण करण्यावर. सासूबाई मात्र वेदीजवळचा तांबडा दिवा दिसला की दुखऱ्या गुडघ्यांनिशी खाली टेकतात. कुणीतरी समोर आहे, म्हणून. मिस्साला मी त्यांच्यासोबत जाते. ख्रिस्तशरीर घ्यायला सगळे पुढे जातात तेव्हा बाकावर थांबते. ती वेळ मला जड जाते. पण सासूबाईंचं ते टेकणं पाहून माहेरच्या त्या छोट्या पेल्याकडेही मी अधिक आदराने पाहू लागले.

४. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेच्या उपासनेवरच्या १९६३ च्या दस्तऐवजात ख्रिस्ताची उपस्थिती वेदीपुरती ठेवलेली नाही. वाचल्या जाणाऱ्या वचनात आणि गाणाऱ्या मंडळीतही ती सांगितली आहे. दोन्ही घरांना इथे एकत्र बसता येतं.

५. ख्रिस्त ओळखू येईलच असं नाही. अम्माऊसच्या वाटेवर दोघा शिष्यांनी त्याच्याशी कितीतरी वेळ बोलूनही ओळखलं नाही. ओळखलं ते भाकर मोडताना. मत्तयाच्या २५व्या अध्यायात तर भुकेल्याला जेवू घालणारेच विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली केडगावला आणल्या. अंगावर चिंध्या, आजारांनी पोखरलेली शरीरं. ख्रिस्ताची उपस्थिती म्हणजे काय, हे समजावायचं असेल तर मी आधी केडगावचं नाव घेते, मग मारबुर्गचं. आमच्या महिला मंडळातही आजाऱ्यांचे डबे आधी पोहोचवायचे आणि प्रार्थनेला मग बसायचं, हा क्रम मी हट्टाने धरते.