कडकनाथचा काळा रंग : कृष्णरंजकाचे पृथक्करण व अभ्यास

मध्य प्रदेशातील झाबुआ आणि अलीराजपूर या जिल्ह्यांत भिल्ल व भिलाला आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या कडकनाथ कोंबडी पाळीत आले आहेत. काळ्या मांसामुळे तिला 'कालामासी' असेही म्हणतात. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातही या जातीचे पालन होऊ लागले. त्याबरोबर तिच्या रंगाविषयी अनेक अतिरंजित समज पसरले. म्हणून या रंगामागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

रंगाचे मूळ

हा रंग मेलॅनिन या कृष्णरंजकाचा होय. टायरोसीन या अमिनो आम्लापासून टायरोसिनेज विकराच्या साहाय्याने रंजकपेशी तो तयार करतात. सामान्य कोंबडीत या पेशी मुख्यतः त्वचा व पिसे यांत स्थिरावतात. कडकनाथमध्ये एका जनुकीय फेरबदलामुळे त्या भ्रूणावस्थेतच मोठ्या संख्येने वाढून स्नायू, अंतर्गत अवयव व हाडांवरील आवरण येथपर्यंत पसरतात. चीनमधील सिल्की कोंबडीतही हाच फेरबदल आढळतो. रक्त मात्र हिमोग्लोबिनमुळे लालच असते आणि अंडीही काळी नसतात.

पृथक्करणाची रीत

प्रथम ऊतक बारीक करून ॲसिटोनसारख्या द्रावकाने त्यातील चरबी काढतात. नंतर प्रथिनांचे विघटन करणारे विकर वापरून मांसातील प्रथिने विरघळवितात. तीव्र आम्लात उकळूनही हे साधते. परंतु त्यामुळे रंजकाची मूळ रचना बिघडण्याचा संभव असतो. मेलॅनिन पाण्यात व स्पिरिटमध्ये विरघळत नाही, सौम्य अल्कलीत मात्र बऱ्याच अंशी विरघळते. या गुणाचा उपयोग करून ते सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात उतरवितात. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की काळा साका तळाशी बसतो. तो वारंवार धुऊन वाळवितात.

मिळालेल्या भुकटीची ओळखही पटवावी लागते. वर्णपटमापकात तिचे प्रकाशशोषण अतिनील भागात सर्वाधिक असते आणि दृश्य प्रकाशाकडे क्रमाने घटत जाते. हायड्रोजन पेरॉक्साइडने तिचा रंग फिकट होतो. हे प्रयोग दाहक रसायनांचे असल्याने ते सुसज्ज प्रयोगशाळेतच करावेत.

काळजी कशाची?

कडकनाथच्या मांसात प्रथिने भरपूर व चरबी कमी असते. परंतु मेलॅनिनचे अस्तित्व हा रोग बरा करण्याच्या शक्तीचा पुरावा नव्हे. प्रयोगशाळेतील रंजकाचा गुण आणि शिजविलेले मांस खाणाऱ्याला होणारा लाभ या दोन भिन्न गोष्टी होत. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात व आसपासच्या भागात कडकनाथ पालनाच्या योजनांत पैसे गुंतविलेल्या अनेक शेतकऱ्यांनी फसवणुकीच्या तक्रारी पोलिसांत नोंदविल्या. तेथे दोष पक्ष्याचा नव्हता. अवास्तव आश्वासनांचा होता.

ग्रामपंचायत सदस्यांनी अशी योजना गावात आली असता पिलांचा स्रोत, खाद्याचा खर्च, लसीकरण आणि विक्रीची हमी यांची पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकरवी पडताळणी करावी. शिक्षकांनी वर्गात रंगामागील विज्ञान सांगावे. आदिवासींनी जतन केलेल्या या जातीचे खरे मोल अशा डोळस पालनानेच टिकेल.