अपंग भावंडाचा वाटा व त्याचा स्वतंत्र धंदा

या मासिकांत बीं-बियाणें, खतें व कीड यांवर पुष्कळ लिहिलें जातें. आज आम्ही एका निराळ्या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. बहुतेक गांवीं एखादें तरी असें जमीनदार कुटुंब सांपडतें, कीं ज्यांतील एक भाऊ आंधळा, पांगळा वा मुका-बहिरा आहे, अथवा मळणीयंत्रांत हात गमावून बसला आहे. त्यास दोन वेळ भाकरी मिळते, सणासुदीस कापड मिळतें, आणि आपलें कर्तव्य झालें असें घरचीं माणसें समजतात. त्यास स्वतःचा धंदा असावा, ही गोष्ट सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. धंदा म्हटला कीं भांडवल आलें, आणि शेतकऱ्याचें भांडवल म्हणजे जमीन. यास्तव या विषयाचा आरंभ आम्ही सातबाऱ्यापासून करतों. महसुलाच्या दप्तरांत आमचें आयुष्य गेल्यामुळें आम्हांस तेंच अधिक कळतें, हेंही एक कारण आहेच.

जुन्या धर्मशास्त्राप्रमाणें जन्मांध, जन्मबधिर, पंगु इत्यादिकांस वडिलोपार्जित मिळकतींत हिस्सा नव्हता. त्यांचा हक्क केवळ पोटगीचा. मिताक्षरेंतही हाच नियम आहे. १९२८ सालच्या कायद्यानें ही अपात्रता दूर झाली. मात्र जन्मतः वेड्या अथवा जडबुद्धि मनुष्यास ती तशीच राहिली. पुढें १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या २८ व्या कलमानें असें ठरलें, कीं रोग, दोष किंवा व्यंग या कारणावरून कोणाचाही वारसा नाकारतां येणार नाहीं. कायदा बदलून इतकीं वर्षें झालीं, परंतु घरांतील रीत अजून पोटगीचीच आहे.

ही रीत कागदावर कशी उतरते तें पाहा. वडील वारले, वारसाची नोंद झाली, सर्व भावंडांचीं नांवें लागलीं. वर्ष-दोन वर्षांनीं हक्कसोडपत्र नोंदलें जातें. त्यांत अपंग भावानें 'राजीखुषीनें व बिनमोबदला' आपला हक्क सोडलेला असतो. खालीं डाव्या हाताचा अंगठा, आणि साक्षीदार घरचेच. असे फेरफार आमच्या नजरेखालून अनेक गेले. त्यास जन्मभर पोसण्याची हमी मात्र त्या कागदांत बहुधा कोठेंच नसते. थोरला भाऊ सज्जन असला तर त्याच्या हयातींत निभतें. त्याच्या मागें पुतण्यांचा कारभार येतो, आणि चुलत्याची भाकरी कोणत्या चुलीवर, यावरून तंटे सुरू होतात. अपंग बहिणीची गोष्ट तर विचारूंच नये. तिचें नांव कमी होतांना कोणी दोन शब्दही बोलत नाहीं.

२०१६ सालीं झालेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याचें १३ वें कलम या ठिकाणीं फार उपयोगी आहे. मिळकत धारण करणें, ती वारसानें घेणें, आपला पैशाचा व्यवहार आपण पाहणें व बँकेचें कर्ज मिळविणें, हे हक्क अपंगास इतरांच्या बरोबरीनें आहेत. त्याच कलमांत असेंही आहे, कीं व्यवहारांत साह्य करणाऱ्याचा व अपंगाचा स्वार्थ जर एकमेकांविरुद्ध असेल, तर साह्य करणाऱ्यानें त्या व्यवहारापुरतें दूर राहावें. म्हणजे ज्या भावास जमीन मिळणार, त्यानेंच आंधळ्या भावास कागद वाचून दाखवावा व अंगठा घ्यावा, हें योग्य नव्हे.

आमचें म्हणणें इतकेंच, कीं नांव कमी करूं नये. शेत एकत्र कसावयाचें असेल तर खुशाल कसावें, परंतु उत्पन्नाचा हिस्सा लिहून ठरवावा. वाटणी करावयाची असल्यास १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या ८५ व्या कलमाखालीं तहसिलींत अर्ज करतां येतो. त्या वेळीं अपंगाच्या हिश्श्यास घराजवळचा, वाटेचा व पाण्याचा तुकडा द्यावा. माळावरचें खडक त्याच्या माथीं मारूं नये.

आतां धंद्याविषयीं. कोणतें अंग गेलें हें सारेच पाहतात; कोणतें शाबूत आहे तें पाहून धंदा निवडावा. दृष्टि नसलेला मनुष्य हाताच्या अंदाजानें धार उत्तम काढतो; घरापासून गोठ्यापर्यंत कमरेच्या उंचीवर दोर ताणून दिला कीं त्यास कोणाचा हात धरावा लागत नाहीं. बांधीव शेळीपालनही त्यास साधतें. बहिऱ्या-मुक्यास कलमें बांधण्याचें काम चांगलें. परंतु फळझाडांचीं कलमें विकावयाचीं असल्यास १९६९ च्या कायद्याप्रमाणें परवाना घ्यावा लागतो.

ज्याचे पाय गेले परंतु हात चांगले आहेत, त्यास भाजीपाल्याच्या रोपवाटिकेसारखा धंदा नाहीं असें आम्हांस वाटतें. हिशेब करून पाहूं. टोमॅटोची लागण ५ फूट × दीड फुटावर केली, तर एकरीं सुमारें ५,८०० रोपें लागतात. ९८ खान्यांचे ६० ट्रे भरले कीं ५,८८० रोपें होतात, आणि ६० ट्रे मांडावयास सुमारें १०० चौरस फूट, म्हणजे गुंठ्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी जागा पुरते. टोमॅटोचें रोप तीन ते चार आठवड्यांत लागणीस येतें, मिरचीस पांच-सहा आठवडे लागतात. ट्रे भुईवर न मांडतां अडीच फूट उंचीच्या मांडवीवर मांडावे, मांडवीखालीं गुडघे जातील इतकी मोकळीक ठेवावी, आणि दोन मांडव्यांमध्यें चाकांची खुर्ची फिरेल अशी निदान तीन फुटांची वाट सोडावी. कोकोपीट भरणें, बीं टोचणें, झारीनें पाणी देणें, हीं सारीं कामें मग बसून होतात. नायलॉनची बारीक जाळी मात्र चोहोंकडून हवी. पांढरी माशी आंत शिरली कीं रोपाबरोबर रोगही गिऱ्हाइकाच्या शेतांत जातो, आणि रोपवाटिकेचें नांव एकाच हंगामांत बुडतें. आरंभीं बीं गिऱ्हाइकाचें घ्यावें व रोपामागें मजुरी ठरवावी. त्यामुळें महाग बियाण्यांत पैसा अडकत नाहीं.

भांडवल कमी पडल्यास राज्याच्या अपंग वित्त व विकास महामंडळाचें दार आहे. त्याकरितां ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचा दाखला लागतो, तो आधीं काढून ठेवावा. ग्रामपंचायतीनें आपल्या स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांकरितां खर्चावयाचे असतात. ग्रामसभेंत तो हिशेब मागण्यास लाजूं नये. शेतकऱ्यास अपघातानें एक हात, पाय किंवा डोळा गमवावा लागल्यास २०२३ पासूनच्या गोपीनाथ मुंडे अपघात अनुदान योजनेंत १ लाख रुपयांची तरतूद आहे. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे ३० दिवसांचे आंत करावा. घरचीं माणसें इस्पितळांत गुंतलेलीं असतांना ही मुदत टळून जाते, म्हणून शेजाऱ्यांनींच त्याची आठवण द्यावी.

बँकेचें खातें धंदा करणाऱ्याच्या एकट्याच्या नांवानें असावें, व वही त्याच्या जवळ असावी. घरच्या शेतास रोपें दिलीं तर तींही भावाच्या नांवें उधार मांडावीं, आणि मालाची पट्टी आली कीं वसूल करावीं.