वेगळ्या शेडमध्ये वीज नेताना

ग्रामीण भागात घर म्हणजे एकच इमारत असे क्वचितच असते. मागील दारी गोठा असतो, अंगणाच्या कडेला ट्रॅक्टर व मोटारसायकल ठेवण्यासाठी पत्र्याची शेड असते. शाळेच्या आवारात स्वयंपाकाची खोली मुख्य इमारतीपासून दूर बांधलेली असते. मुख्य इमारतीची वीजजोडणी रीतसर झालेली असते; परंतु या सुट्या बांधकामांत वीज मागाहून आणि निकडीपोटी पोहोचते. घरातील एखाद्या सॉकेटमधून दोन तारांची बारीक वायर काढावयाची, झाडाच्या फांदीवरून ती पुढे न्यावयाची आणि पत्र्याच्या भोकातून आत घ्यावयाची, ही सर्वत्र आढळणारी पद्धत होय. दिवा लागतो, म्हणून काम झाले असे मानले जाते. पावसाळ्यात त्याच पत्र्याला हात लागून माणूस दगावतो किंवा दावणीला बांधलेली जनावरे एकाच रात्री मरून पडतात, तेव्हा मात्र उशीर झालेला असतो. हे टाळण्याचे उपाय साधे आहेत. परंतु त्यांमागील कारणे समजून घेणे आवश्यक आहे.

प्रथम जोडणीचा विचार

शेड घराच्याच आवारात असेल आणि तिचा वापर घरगुती असेल, तर घरच्या मीटरवरून तेथे वीज नेता येते. तेथे कडबाकुट्टी यंत्रासारखे मोठे उपकरण बसवावयाचे असल्यास मंजूर भार पुरेसा आहे काय, हे पाहावे व गरज असल्यास महावितरणकडे वाढीव भारासाठी अर्ज करावा. रस्त्यापलीकडील वेगळ्या जागेत किंवा शेतातील घरात मात्र गावातील मीटरवरून वीज नेता येत नाही. ज्या कारणासाठी व ज्या जागेसाठी पुरवठा मंजूर झाला, त्याबाहेरील वापर हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ अन्वये अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. खांबावरील तारेवर आकडा टाकणे ही तर वीजचोरीच असून कलम १३५ खाली तो गुन्हा आहे. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता नवीन वीजमांडणीचे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घेणे नियमानुसार बंधनकारक आहे.

भार, अंतर आणि तारेची जाडी

घरापासून ४० मीटर अंतरावरील एका गोठ्याचे उदाहरण घेऊ. तेथे ९ वॅटचे दोन एलईडी दिवे, एक पंखा आणि २ अश्वशक्तीची कडबाकुट्टी चालवावयाची आहे. दिवे नगण्य वीज घेतात. कुट्टीची एकफेजी मोटार मात्र चालू असताना सुमारे १० अँपियर प्रवाह घेते. प्रवाह जाऊन परत येतो, म्हणून तारेची लांबी ८० मीटर धरावी लागते. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे १८ ओहम असतो. म्हणजे ८० मीटरला जवळपास दीड ओहम, आणि १० अँपियरला १४ ते १५ व्होल्टची घट. मोटार सुरू होताना प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो व घटही त्याच प्रमाणात वाढते. मोटार घुमते पण फिरत नाही, तार तापते, आवरण मऊ होते आणि पुढील बिघाडाची बीजे तेथेच पेरली जातात.

त्याऐवजी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतल्यास हीच घट ४ व्होल्टच्या आत राहते. वीजमांडणीसंबंधीच्या आयएस ७३२ या भारतीय मानकात दिव्यांसाठी ३ टक्के व इतर वापरासाठी ५ टक्के घटीची मर्यादा दिली आहे. २३० व्होल्टच्या हिशेबाने ती अनुक्रमे सुमारे ७ व ११.५ व्होल्ट होते. तारेवरील खर्च वाचविणे हे अशा ठिकाणी सर्वांत महाग पडते.

तार नेण्याचा मार्ग

शक्य असेल तेथे जमिनीखालून चिलखती केबल, म्हणजे आर्मर्ड केबल, न्यावी. ती सुमारे ७५ सेंटिमीटर खोल चरात वाळूच्या थरावर अंथरून वर पुन्हा वाळू व त्यावर विटांचा थर द्यावा. पुढे कोणी कुदळ चालविली तर विटा आधी लागतात. केबल तीन गाभ्यांची असावी : फेज, न्यूट्रल आणि अर्थ. केबलचे पोलादी चिलखतही अर्थला जोडावे.

वरून न्यावयाची असल्यास दोन्ही टोकांना भक्कम आधार देऊन जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार ताणावी व ऊन-पावसात टिकणारी केबल तिच्याखाली बांधावी. केबलवर स्वतःचेही वजन येता कामा नये. कडब्याने भरलेली गाडी किंवा उसाची ट्रॉली खालून सहज जाईल एवढी उंची ठेवावी. झाड, कपडे वाळत घालण्याची तार आणि पत्र्याची कड यांना तिचा स्पर्श होऊ देऊ नये. मध्ये कोठेही जोड नसावा.

एमसीबी पडत नाही, तरी पत्रा जिवंत

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज असा, की फ्यूज किंवा एमसीबी असले म्हणजे माणूस सुरक्षित झाला. वस्तुतः एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. हे आकड्यांनी पाहू. गोठ्याच्या अर्थचा रोध २० ओहम आणि रोहित्राकडील अर्थचा ३ ओहम आहे असे धरा. फेजची तार सोलून पत्र्याला टेकली, तर २३० व्होल्टला सुमारे १० अँपियर प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपियरचा एमसीबी एवढ्या प्रवाहाने पडणार नाही. तो कुट्टीची मोटार चालत असल्यासारखाच शांत राहील आणि पत्र्यावर सुमारे २०० व्होल्टचा दाब कायम राहील.

येथे आरसीसीबी कामास येतो. वायरमन मंडळी अनेकदा त्यास ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो की नाही, याची तो सतत तुलना करतो. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी एवढ्याशा गळतीनेही पुरवठा तोडतो. वरील उदाहरणातील मोठ्या गळतीला तर एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत. तो घरातील ज्या फलकावरून शेडची केबल निघते तेथेच बसवावा, म्हणजे वाटेतील केबलचेही रक्षण होते. ४ चौरस मिलिमीटरच्या केबलसाठी २० अँपियरचा सी प्रकारचा एमसीबी आणि २५ अँपियरचा आरसीसीबी ही योग्य जोडी होय.

आरसीसीबी बसविला म्हणून अर्थ नको, असे मात्र नाही. अर्थ नसेल तर पत्र्यावर आलेली वीज वाट पाहत राहते आणि कोणाच्या तरी शरीरातून तिला मार्ग मिळाल्यावरच पुरवठा तुटतो. अर्थ असेल तर बिघाड होताक्षणीच तुटतो. अर्थसाठी साधारण जमिनीत ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जस्त चढविलेला नळ उभा पुरावा. तो भिंतीपासून किमान दीड मीटर दूर असावा व उन्हाळ्यात त्यास पाणी घालावे. खांबावरून फक्त फेज घेऊन न्यूट्रलऐवजी जमिनीत सळई ठोकण्याचा प्रकार जीवघेणा असून तो तत्काळ बंद करावयास हवा.

आणखी एक दक्षता घ्यावी. शेडचा न्यूट्रल घरातील दुसऱ्या परिपथाशी जोडला गेला, तर आरसीसीबी वारंवार पडतो. मग त्रास नको म्हणून तो काढून टाकला जातो. दोष उपकरणाचा नसून जोडणीचा असतो. जोडणी दुरुस्त करावी.

जनावरे आणि वाहने

गुरांच्या पुढच्या व मागच्या पायांत मोठे अंतर असते आणि ती ओल्या जमिनीवर उभी असतात. त्यामुळे जमिनीत प्रवाह उतरला, की दोन पायांमधील दाबाचा फरक थेट हृदयाच्या भागातून जातो. म्हणून अर्थचा नळ दावणीजवळ पुरू नये. गोठ्यातील लोखंडी खांब, गव्हाणीचे नळ आणि पत्रे परस्परांशी व अर्थशी जोडून घ्यावेत, म्हणजे त्यांच्यात दाबाचा फरक उरत नाही. बटणे व सॉकेट जनावरांच्या तोंडाच्या व शिंगांच्या टप्प्याबाहेर असावेत. दिवे बंदिस्त आवरणाचे असावेत आणि कडब्याच्या गंजीपासून दूर असावेत.

वाहनांच्या शेडमध्ये पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते, म्हणून सॉकेट जमिनीपासून पुरेसे उंच बसवावेत. बॅटरी प्रभारित होताना पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. तेथे हवा खेळती हवी.

शेडमधील फलक

शेडमध्ये शिरताच हाती येईल असा, फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा मुख्य स्विच असावा. त्यापुढे दिव्यांसाठी ६ अँपियरचा आणि मोठ्या सॉकेटसाठी १६ अँपियरचा स्वतंत्र एमसीबी द्यावा. म्हणजे कुट्टीत बिघाड झाला तरी उजेड राहतो. सॉकेट तीन छिद्रांचेच असावेत आणि त्यांतील मोठ्या छिद्राला अर्थची तार खरोखर जोडली आहे, याची खात्री करावी.

गावपातळीवरील काम

आरसीसीबीवरील ‘टी’ हे तपासणीचे बटण दरमहा दाबून पाहावे. पुरवठा तुटला नाही तर उपकरण निकामी समजावे. अर्थचा रोध पावसाळ्यात नव्हे, तर उन्हाळ्याच्या अखेरीस मोजून घ्यावा, कारण कोरड्या जमिनीतच त्याची खरी परीक्षा होते.

शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून आपापल्या गोठ्यातील वायरिंगची केवळ नजरेने, हात न लावता, पाहणी करवून घ्यावी. ग्रामपंचायतीने आरंभ स्वतःच्या इमारतींपासून करावा : शाळेची स्वयंपाकखोली, अंगणवाडी, वाहनांची शेड. मे महिन्याच्या ग्रामसभेत परवानाधारक कंत्राटदारास बोलावून ही माहिती द्यावी. कोणास वीज चिकटल्यास प्रथम मुख्य स्विच बंद करावा, त्याआधी अंगाला हात लावू नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तार तुटून पडल्यास १९१२ वर कळवावे. हे दोन क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहिलेले असावेत.

शेडमध्ये दिवा लागणे ही कामाची निम्मी बाजू झाली. बिघाड होताच तोच पुरवठा आपोआप तुटेल, अशी व्यवस्था झाल्यावरच ते काम पुरे झाले असे म्हणता येईल.