अंजनीचें झुडूप आणि आपली काळी माती

महाबळेश्वर किंवा माथेरान येथें जे सहलीस गेले असतील त्यांनीं अंजनीचीं झाडें खचित पाहिलीं असतील. नांव मात्र थोड्यांनींच विचारलें असेल. वनस्पतिशास्त्रांत हिला मेमेसायलॉन अंबेलाटम म्हणतात. सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यांत ती मोठ्या झुडुपाच्या किंवा लहान वृक्षाच्या रूपानें वाढते. पानें समोरासमोर, जाड, गर्द हिरवीं व तकतकीत असतात. उन्हाळ्याच्या तोंडीं जून फांद्यांवर निळ्या फुलांचे झुबके येतात. परंतु बागेंत तिची खरी शोभा बाराही महिने टिकणाऱ्या पानांचीच. खानदेशांतील कोरड्या रानांत आढळणारा अंजन वृक्ष निराळा. नामसादृश्यानें फसूं नये.

महाबळेश्वरीं वर्षास सुमारें ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या लातूर जिल्ह्यांत कित्येक वर्षीं त्याचा आठवा हिस्साही पडत नाहीं. मग ही चाकुरांत कशी जगावी? उत्तर तिच्या पानांत आहे. तेथील पाऊस बहुतेक चार महिन्यांचा. पुढें आठ महिने ऊन, वारा व सुकलेली जांभ्याची माती. त्या दिवसांत पानांची जाड त्वचा आंतील ओलावा राखते.

तथापि मातीचा भेद ध्यानांत ठेवावा. जांभ्याची माती आम्लधर्मी व निचऱ्याची असते; आपली काळी माती चुनखडीची व पाणी धरून ठेवणारी. तींत नुसता खड्डा खणला तर पावसाळ्यांत त्याचें डबकें होऊन मुळें कुजतात. यास्तव हातभर उंचीचा वाफा करून त्यांत तांबडी माती, वाळू व कुजलेला पालापाचोळा भरावा. जागा भिंतीच्या पूर्वेस असावी, म्हणजे दुपारचें ऊन टळेल. पिकलेल्या काळ्या फळाचा गर काढून बीं ताजें असतांनाच पेरावें. रानांतील रोप उपटून आणूं नये.

पहिले दोन उन्हाळे पाणी घालावें लागेल. २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें विसरूं नये. डाळ-तांदूळ धुतलेलें पाणी या झुडुपास पुरे. साबणाचें घालूं नये, कारण त्यानें मातीचा क्षार वाढतो.

अंजनी फार सावकाश वाढते. ती भरदार होण्यापूर्वीं लावणारा विद्यार्थी शाळा सोडून गेलेला असेल. म्हणून जातांना त्यानें पाण्याची झारी खालच्या वर्गांतील एखाद्या मुलाच्या हातीं द्यावी.